सात वह्या आणि एक गुडघा

सरकारी नोकरीत राहून कागदाशी इतकं उघड वैर धरलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराला मी तिथल्या एका सरकारी दवाखान्यात कारकून होतो आणि हे आमचे व्यायामाचे डॉक्टर. मोडलेले, आखडलेले, लकव्याने लुळे पडलेले हातपाय ते पुन्हा कामाला लावत. लोक त्यांना 'मालिशवाले सायेब' म्हणत, त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण 'रजिस्टर' हा शब्द ऐकला की चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होई. वरून आलेली स्मरणपत्रं ते घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवत. एकदा वार्षिक अहवालात 'कामातील अडचणी' या रकान्यासमोर त्यांनी एवढंच लिहिलं, 'हा अहवाल.'

त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. एका रुग्णामागे सात वह्या भराव्या लागत. जिल्हा वेगळा झाला, तरी जुन्या जिल्ह्याला 'आता पुरे' असं कोणी कळवलं नव्हतं. म्हणून प्रत्येक तक्ता दोन्हीकडे जाई. त्यात पावसाने दगा दिलेला. दुष्काळी कामावर खडी फोडताना जायबंदी झालेली माणसं रोज येत. त्यातलीच रेणापूरकडची एक बाई. पायाचं प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकेना. रोज अर्धा तास मेहनत घेतली तरच पाय सुटेल, नाहीतर जन्माचं लंगडणं. मी तक्ते मागायला गेलो तेव्हा डॉक्टर तिचाच पाय धरून बसले होते.

"भाऊसाहेब, मी पाय बघू का पान बघू?"

"दोन्ही बघा," मी म्हणालो. मी तेव्हा फार नियमाचा होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सातही वह्या चाकूरच्या एका मास्तरांपुढे ठेवल्या. मास्तरांचा उजवा हात लकव्याने गेलेला, बोटं नुकती हलू लागलेली. "लिहा मास्तर, हाच तुमचा व्यायाम." मास्तर कण्हत लिहीत आणि डॉक्टर निवांत गुडघ्यापाशी बसत.

पुढे तपासणीला साहेब आले. वहीच्या पहिल्या पानांवर नुसत्या मुंग्या चालल्या होत्या.

"हे काय लिहिलंय?"

"लकवा हाय तो, सायेब. पुढं चाळा," डॉक्टर म्हणाले.

पानागणिक अक्षर सरळ होत गेलं होतं. शेवटी तर वेलांट्याही वळणदार. साहेब बराच वेळ चाळत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "या सातांपैकी वर कोणत्या वाचल्या जातात?" मी आवक नोंदवही चाळून पाहिली; स्मरणपत्रांखेरीज एकाही वहीबद्दल वरून कधी काही आलं नव्हतं.

महिन्याभरात पाच वह्या बंद झाल्याचा हुकूम आला. बंद केलेल्या वह्यांचा तक्ता दरमहा पाठवावा, असंही त्यात होतं. तो मीच भरत असे. डॉक्टरांना कळू दिलं नाही. रुग्णाकडून सरकारी काम करून घेतल्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी मास्तरांकडून शुद्धलेखनासाठी तपासून घेतली.

वर्षभराने त्यांची नांदेडला बदली झाली. त्यानंतर एका दुपारी रेणापूरची ती बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मालिशवाले सायेब कुठं हायेत?"

"नांदेडला गेले. आता इकडं येणार नाहीत."

"चालून दाखवायचं व्हतं त्यास्नी," ती म्हणाली. "मंग तुमीच बघा."

आणि ती व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत सरळ चालत गेली, वळली, परत आली. मी हातातला तक्ता बाजूला ठेवून बघत राहिलो.