डाव्या चाकाची जबानी

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी त्या केसचा विषय निघाला की माझ्या नाकात जळका वास येतो. खून, दरोडे, सीमेवरची चोरटी दारू, सगळं मी हाताळलं. पण एका साध्या अपघाताच्या तपासात जेवढा मी रंगलो, तेवढा कशातच नाही.

तेव्हा मी निपाणीजवळच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. एका दुपारी तवंदी घाट उतरून आलेल्या जुन्या व्हॅनने गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर स्कूटरला धडक दिली. स्कूटरवर बोरगावच्या एक शिक्षिका होत्या. त्यांचा पाय दोन ठिकाणी मोडला. व्हॅनचा चालक बेळगावच्या शहापुरातला, पन्नाशीचा माणूस. सगळे त्याला आप्पा म्हणत. घरात भाऊ माग चालवायचा आणि आप्पा साड्यांचे गठ्ठे दुकानांना पोचवायचा. लायसन्स गेलं असतं तर त्याला दुसरं काही येत नव्हतं.

सगळं त्याच्या विरुद्ध होतं. पंचनाम्यात रस्त्यावर टायर घासल्याची खूण नाही. मोटार वाहन निरीक्षकांनी ठाण्याच्या आवारात गाडी तपासून ब्रेक ठीक असल्याचं लिहून दिलं. आणि बाईंनी दवाखान्यात जबाब दिला, की चालकाने माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि तरीही गाडी अंगावर घातली. मी म्हटलं, संपली केस. बाई थांबतील या भरवशावर हा घाईने पुढे घुसला, आणखी काय असणार?

आप्पाला समोर बसवून मी दोन तास झाडलं. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो एकच गोष्ट सांगत राहिला.

“साहेब, मी ब्रेक दाबला हुता. पायडल पार तळाला गेलं, गाडी थांबली न्हाय.”

मधूनमधून तो बाईंच्या पायाची चौकशी करायचा. मला ते नाटक वाटलं. आरोपी जखमीची फार विचारपूस करायला लागला की त्याच्या पोटात काळंबेरं आहे, असा माझा पंचवीस वर्षांचा हिशेब होता आणि त्याचा मला गर्वही होता.

खबर आली ती खबऱ्याकडून नाही. आठव्या दिवशी आमच्या जीपचा स्टार्टर बघायला निपाणीचा एक मिस्त्री आला. काम आटोपून जाताना तो त्या व्हॅनपाशी उकिडवा बसला, पुढच्या डाव्या चाकात डोकावला आणि मला हाक मारली. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी निळसर पडली होती. हे चाक भाजलंय, कॅलिपर चिकटतोय, असं त्याचं म्हणणं. कॅलिपर म्हणजे त्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारा भाग. ब्रेकवरून पाय उचलला की चिमटा सैल पडला पाहिजे. इथे तो सैल पडत नव्हता, ब्रेक न दाबताही चाक घासत होतं.

निरीक्षकांनी ब्रेक ठीक असल्याचं लिहिलंय, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

“कवा तपासली?” त्याने विचारलं. “थंड असतानाच न्हवं? तापल्याबिगर ही गाडी दुखणं दावायची न्हाय साहेब.”

त्याने समजावलं. घासून चाक तापतं, ती आच ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ऑइल जुनं असलं तर लवकर उकळतं, आत बुडबुडे होतात, आणि पायडल दाबलं तरी जोर चाकापर्यंत पोचत नाही. गाडी थंड झाली की सगळं पहिल्यासारखं. मी तिथेच उभा राहिलो. आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि लाजही वाटत होती.

आप्पाला परत बोलावलं. या वेळी धडकेबद्दल काही विचारलं नाही, बेळगावपासूनचा रस्ता विचारला. संकेश्वरच्या पुढे गाडी जड झाली, डावीकडे ओढायला लागली, घाटात जळका वास आला, असं तो म्हणाला. मग थांबला का नाहीस?

“घाटात समद्याच गाड्या वास मारत्यात. म्होरं ट्रक हुता, मला वाटलं त्येचाच.”

हे सगळं त्याच्या पहिल्या जबानीत होतं. रायटरने लिहून घेतलं होतं. मीच ते फालतू म्हणून सोडून दिलं होतं.

न्यायालयाची परवानगी घेतली आणि एका सकाळी आम्ही रिकाम्या, सपाट रस्त्यावर निघालो. चालवायला मिस्त्री, शेजारी मी, मागे निरीक्षक, त्यांच्याबरोबर एक पंच. निरीक्षक नाराज होते. हँडब्रेकची तार मागच्या चाकांना वेगळी जाते, ऑइल उकळलं तरी तो लागतो, म्हणून तो आधी दोनदा तपासून घेतला. दहा किलोमीटर काहीच झालं नाही आणि निरीक्षक घड्याळ बघायला लागले. माझा जीव टांगणीला! मग वास आला. उतरून पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी शिंपडलं. उजवं नुसतं ओलं झालं, डावं चर्रकन वाजलं. निरीक्षकांची नाराजी तिथेच उतरली, पुढे चला म्हणून तेच घाई करायला लागले. आणखी काही अंतर गेल्यावर मिस्त्री शांतपणे म्हणाला, “बसलं पायडल.” मी वाकून बघितलं. त्याचा पाय तळाला टेकला होता आणि गाडी चालली होती. त्याने हँडब्रेक ओढून ती उभी केली. मी पोरासारखी टाळी वाजवली, हे कबूल करतो.

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेतली. डावं चाक हाताने फिरेना. मिस्त्रीने कॅलिपरचा ऑइल सोडायचा छोटा नट ढिला केला. नळीत दाब अडकला असता तर आता चाक सुटलं असतं. ते सुटलं नाही, म्हणजे दोष कॅलिपरमध्येच. खोलल्यावर गुन्हेगार समोर आला. चिमटा दाबणारा आतला पिस्टन गंजलेला, त्यावरचं रबर फाटलेलं, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या ठक्क. तबकडीवर घासणारा एका बाजूचा पॅड लोखंडापर्यंत झिजलेला, ऑइल काळंकुट्ट. पंचांसमोर सगळं सीलबंद केलं. मग त्याने नवा पिस्टन आणि रबरं घातली, पिना घासून ग्रीस भरलं, तबकडी बदलली, दोन्ही चाकांचे पॅड नवे टाकले, नवं ऑइल भरून हवा काढली. परत तेवढंच अंतर फिरलो. दोन्ही चाकं सारखीच कोमट.

गाडीची निगा राखली नाही, ही चूक आप्पाने न्यायालयात मान्य केली आणि दंड भरला. लायसन्स वाचलं. पण सुटल्यावर तो मला एवढंच म्हणाला, की बाईस्नी सांगा, मी ब्रेक दाबला हुता.

मी बोरगावला गेलो. बाई प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

“पाय बरा हुईल साहेब,” त्या म्हणाल्या. “पर एक माणूस आपल्याकडं बघतोय आणि तरी गाडी घालतोय, असं मी त्याचं काय केलतं, ह्यानं मला झोप लागत न्हवती.”

पुढच्या रविवारी त्यांनीच आप्पाला बोलावलं. तो दारातच हात जोडून उभा राहिला, पाऊल पुढे पडेना. आत या, बसा, असं त्या म्हणाल्या आणि तो पन्नाशीचा माणूस रडायला लागला. माझेही डोळे भरले होते.

माणसाला मी नको तेवढं तापवलं होतं, आणि गाडी तापवून बघायचं मला सुचलं नव्हतं. पुढे प्रत्येक अपघातात मी आधी विचारायचो, की गाडी कुठून, किती चालून आली. लोक माझं कौतुक करतात, की साहेबांनी चाकाला बोलतं केलं. मी ते कौतुक घेत नाही. चालकाने ब्रेक लावलाच नाही, असं वाक्य असलेलं दोषारोपपत्र कन्नडमध्ये टाइप होऊन माझ्या टेबलावर तयार होतं. मिस्त्री स्टार्टर बघायला एक दिवस उशिरा आला असता, तर त्याखाली माझी सही झाली असती.