बाटलीवरची पट्टी

माझा बाप घाटंजीजवळच्या पाटलाकडे सालदार. घरात ज्वारीची शिळी भाकर, तीही दोघांत एक. मी आमच्या बंजारा तांड्यातला पहिला बी.ए. मी मास्तर झालो त्याच शाळेत त्या पाटलाचा मुलगाही मास्तर. तो दोनदा नापास होऊन बी.ए. झाला, मी एका झटक्यात. तरी तो आत आला की मी आपोआप उभा राहायचो. बापाची सवय.

एक दिवस त्यानं सगळ्या मास्तरांसमोर माझ्या पिशवीतली औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. छातीत धडधड व्हायची, हात कापायचे, त्यावर डॉक्टरनं दिलेलं मिक्श्चर. बाहेरून चिकटवलेली कागदी पट्टी, एका खाचेएवढा एक डोस.

“सालदाराच्या पोराले बी.ए. पचली नाही ना बाप्पा.”

सगळे हसले. हेडमास्तरही. त्याच आठवड्यात माझा मॅट्रिकचा वर्ग त्याला दिला.

राग कमी आला, हेवा जास्त. त्याच्या हाताचा हेवा. फळ्यावर खडू कसा सरळ चालायचा त्याचा. ज्याच्या बापजाद्यांनी कोणापुढं हात जोडले नाहीत, त्याचा हात कायले कापेल?

मी बाटली नाल्यात फेकली. तिसऱ्या दिवशी अंग असं थरथरलं की तांड्यानं खाटेसकट दवाखान्यात नेलं. डॉक्टर रागावला. हे एकदम सोडायचं नसतं म्हणाला. दर पंधरवड्याला किती कमी करायचं ते त्यानं ठरवून दिलं.

माझ्या याडीला, म्हणजे आईला, अक्षर येत नाही. पण घागऱ्यावर काचा-कवड्या टाचणारा तिचा हात सूतभरही चुकत नाही. डॉक्टरचं माप मी सांगायचो, ती कातरीनं नवी पट्टी कापायची. खाचा आधीपेक्षा जवळ. मी घाई केली की म्हणायची, घागरा का एका दिवसात भरते?

दिवस वाईट गेले. घाम. धडधड. शाळेच्या फाटकातून परत फिरावं वाटायचं. बाजूच्या वर्गातून पाटलाच्या पोराचं हसू ऐकू यायचं. जळायचो. जळतच शिकवायचो.

शेवटी पट्टी कापायचं काम उरलं नाही. मी हेडमास्तरांकडे गेलो.

“मॅट्रिकचा वर्ग मले वापस पायजे.”

“अन् हात?”

“कापते. त्याच हातानं शिकवीन.”

पाटलाच्या पोराच्या हाताखाली वर्गाचा निकाल घसरला होता. हेडमास्तरांना वर्ग द्यावाच लागला.

वर्ग माझ्याकडे आहे. बाटली नाही. फळ्यावरची माझी ओळ अजून वाकडी जाते, त्याची सरळ पाहून अजून जळतो. पण तो आत आला तरी मी खुर्चीतून उठत नाही. उठणार नाही.