स्वल्प थांबा

माझ्या सासऱ्यांनी मला आजवर जितक्या वेळा चारचौघांत मान खाली घालायला लावली आहे, तितक्या वेळा माझ्या परीक्षांच्या निकालांनीसुद्धा लावली नाही. आणि माझे निकाल काय लागत ते पुण्यात आमच्या आळीला अजून पाठ आहे. सासरे मूळचे मिरजेचे, नोकरी बहुतेक सगळी बंगळूरला अवकाश खात्यात, घर जे. पी. नगरला, आणि लग्नानंतर आम्हीही त्यांच्याच घरी. हयातभर रॉकेटं उडवल्यामुळे या गृहस्थांना घरातली कुठलीही गोष्ट नुसती करता येत नाही, ती उडवावी लागते. कोपऱ्यावर इडली खायला जायचं ठरलं तरी दाराशी सगळ्यांना उभं करून, उड्डाणाआधी कंट्रोल रूममध्ये विचारतात तसं, एकेकाला विचारणार. "गॅस?" यावर सासूबाईंनी "गो" म्हणायचं. "किल्ल्या?" यावर मी "गो" म्हणायचं. "पोट?" हा प्रश्न पाहुण्यांसाठी राखीव होता, आणि चांगल्या अधिकारपदावरच्या माणसांना मी आमच्या दारात चपला घालून आपल्या पोटाची ग्वाही देताना पाहिलं आहे. एखाद्याचा ‘गो’ आला नाही, किंवा आला पण जरा पडेल आवाजात आला, की सासरे उजवा हात वर करत आणि म्हणत, "स्वल्प थांबा." बंगळूरच्या रिक्षावाल्यांचा कानडी ‘स्वल्प’ म्हणजे जरासं. सासऱ्यांचा स्वल्प संपेपर्यंत हॉटेलातल्या इडल्या संपलेल्या असत.

बरं, आकाशातून जे काही खाली येतं त्याची जबाबदारीही यांचीच. वादळाची खबर कोळ्याला आधी कळते, दूरच्या खेड्यातल्या डॉक्टरला शहरातल्या डॉक्टरचा सल्ला मिळतो, ते आम्ही वर सोडलेल्या उपग्रहांच्या डब्यांमुळे, हे त्यांनी आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये सापडलेल्या प्रत्येक माणसाला सांगितलं आहे. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण अभिमान मिरवायचा तर लाजही आपणच वाहायची, असा त्यांचा हिशेब. एकदा कॅबवाल्याच्या फोनमधल्या नकाशानं आम्हाला मारतहळ्ळीत एका टेक पार्कच्या मागच्या भिंतीवर नेऊन उभं केलं. सासरे उतरले आणि त्या पोरसवदा ड्रायव्हरला म्हातारपणी हात जोडून "सॉरी अण्णा, वरून चूक झाली" म्हणाले. त्याला बिचाऱ्याला वाटलं, वरच्या मजल्यावर कोणी राहतं. दुसऱ्यांदा, पाऊस नाही असा अंदाज असताना धो धो पाऊस आला आणि भाजीवाल्या अक्कांची कोथिंबीर भिजली. यांनी शरमेनं सगळी टोपली विकत घेतली आणि आम्ही आठवडाभर कोथिंबिरीच्या वड्या खाल्ल्या.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे माझं लग्न. त्या दिवशी सकाळपासून सासऱ्यांनी गुरुजींना, आचाऱ्याला, फोटोग्राफरला, इतकंच काय माझ्या वडिलांनाही गाठून त्यांचा ‘गो’ घेतला होता. वडिलांनी तो काहीतरी कानडी रिवाज असेल म्हणून देऊन टाकला. शेवटचं मंगलाष्टक झालं, लोकांनी अक्षता उचलल्या, गुरुजींनी ‘सावधान’साठी छाती भरून श्वास घेतला, आणि अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला, "स्वल्प थांबा." वाजंत्री बंद. गुरुजींचा श्वास तसाच आत. माझ्या पुण्याच्या आत्यानं शेजारणीला विचारलं, मुलीला बळजबरीनं उभं केलंय की काय, आणि आत्याचं कुजबुजणं कार्यालयाच्या फाटकापर्यंत ऐकू जातं. सासरे शांतपणे म्हणाले, "सगळ्यांना विचारलं, मुलीला विचारायचं राहिलं." मग तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि विचारलं, "तुझं काय?" मी अंतरपाटाआड माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो; तो अंगठाही लाल झाला होता म्हणतात. पलीकडून दात-ओठ खात उत्तर आलं, "गो. बाबा, खाली उतरा आता." मुहूर्त तेवढ्यात टळला, तो आमच्या आईच्या मते अजून टळलेलाच आहे. हिनं तर लग्नाचा अल्बम वर्षभर उघडला नाही. त्यातल्या सगळ्यात चांगल्या फोटोत सासऱ्यांचा हात वर आहे.

हे असं का, ते मला पुढे एका थंडीतल्या दुपारी कळलं. आम्ही दोघं गॅलरीत पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो, ही आत काही वाचत होती. मी जरा चिडूनच म्हणालो, बाबा, तुम्हाला लोकांची लाज कशी वाटत नाही? त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग सांगू लागले. नोकरीतली सुरुवातीची वर्षं, समुद्रकाठच्या उड्डाणतळावर. कंट्रोल रूममध्ये हे सगळ्यात ज्युनिअर. उड्डाणाच्या आधी यांच्यासमोरचा एक आकडा किंचित हलला आणि परत जागेवर आला. काचेपलीकडे दिल्लीची मोठी माणसं बसलेली, एकेकाला विचारत विचारत पाळी यांच्यापर्यंत आली. नुसत्या शंकेवरून एवढा सोहळा थांबवायचा, लोक काय म्हणतील, म्हणून हे ‘गो’ म्हणाले. रॉकेट वर चढलं, कललं आणि समुद्रात गेलं. वसाहतीत कितीतरी दिवस कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. हे दूध आणायलासुद्धा दुसऱ्या गल्लीतून जात. चौकशीत कारण भलतंच निघालं, यांच्या आकड्याचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

"रॉकेट माझ्यामुळे पडलं नाही हो, जावईबापू," ते म्हणाले. "पण मी लाजेपोटी खोटं ‘गो’ म्हणालो होतो. ते काही चौकशीत येत नाही."

मी पुढची शेंग उचलली. आत पान उलटण्याचा आवाज थांबला होता.

यंदा हिला युरोपात उपग्रह बनवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं. सासऱ्यांनी ही बातमी लिफ्टमध्ये इतक्यांना सांगितली, की लोक जिन्यानं जाऊ लागले. मीही हिच्याबरोबर निघालो होतो. विमानतळाच्या रस्त्याला देवनहळ्ळीची पाटी दिसली, की सासरे एक व्याख्यान देत. याच गावात जन्मलेल्या सुलतानाच्या फौजेनं इंग्रजांवर लोखंडी नळ्यांची रॉकेटं सोडली, इंग्रजांनी न फुटलेल्या नळ्या उचलून मायदेशी नेल्या, आणि चंद्रावर गेलेल्या माणसाची पहिली पायरी ती इथलीच. मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेत म्हणून दाखवीन. निघायच्या दिवशी पाटी आली आणि गेली, सासरे खिडकीबाहेर बघत होते. मी मनात म्हटलं, चला, आज सुटलो.

दारापाशी ट्रॉल्या लावून आम्ही उभे राहिलो. पासपोर्ट, गो. तिकिटं, गो. औषधं, लोणचं, गो. मागे रांग वाढत होती, मी नेहमीप्रमाणे लोकांकडे बघून ओशाळं हसत होतो. तेवढ्यात ही म्हणाली, "बाबा, तुमचं राहिलं."

"गो," सासरे म्हणाले. पडेल आवाजात.

हिनं ट्रॉली सोडली आणि उजवा हात वर केला. "स्वल्प थांबा."

रांगेतली माणसं थबकली. दारावरचा जवानही आमच्याकडे बघायला लागला. आणि लोकांच्या बघण्याला माझ्यादेखत कधी न लाजलेले माझे सासरे कानापर्यंत लाल झाले. "अगं, लोक बघतायत," ते पुटपुटले. मग सवयीनं विचारलं, "कारण?"

"एक आकडा हललाय," ही म्हणाली.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. "नाहीये गो," ते म्हणाले. "पण तू जा." सासूबाईंनी त्यांचा हात धरला. मी ट्रॉल्या बाजूला ओढल्या आणि रांगेला पुढे जायला सांगितलं. घड्याळाकडे मी दोनदा पाहिलं होतं. त्याची लाज मला विमानात बसल्यावर वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

इथे परक्या देशात आम्ही रविवारी फिरायला निघतो, तेव्हा ही दाराशी थांबते. गॅस, किल्ल्या, पोट सगळं विचारून होतं आणि मग ती बंगळूरला फोन लावते. पलीकडून बहुतेक वेळा खणखणीत ‘गो’ येतो. कधीकधी मात्र सरळच ‘नो-गो’ येतो. मग आम्ही बूट काढतो, फोन मध्ये ठेवून बसतो, आणि स्वल्प थांबतो.