वहिनी, जरा सरका

घर विकत घेण्याआधी ते तपासायला आम्ही एक जाणकार माणूस बोलावला. हा बाबा हातात लोखंडी कांडी घेऊन फरशीन् फरशी ठोकत निघाला. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर खाली पोकळी. प्रत्येक ठोक्याला माझं काळीज असं धडधडे, की खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा तरी दार उघडून पाहिलं असेल.

कारण बायकोचा जीव या घरावर जडला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने मनातल्या मनात तुळसही लावली होती. आणि रिपोर्ट वाईट आला तर हे घर सोडायचं, असं आमचं ठरलं होतं.

सगळं घर वाजवून तो त्या खिडकीपाशी आला. बायको तिथे खांबासारखी उभी.

"वहिनी, जरा सरका."

"इथली चांगली आहे हो. मी बघितलीय."

"मग वाजू द्या की!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिने ती फरशी टाचेने आधीच वाजवून पाहिली होती. आवडलेल्या गोष्टीतली पोकळ जागा आपल्याला सगळ्यांत आधी कळते, आणि नेमके तिच्यावरच आपण पाय रोवून उभे राहतो.

शेवटी ती सरकली. फरशी बद्द वाजली.

"एकच आहे, बदलता येईल," तो म्हणाला. बायकोने असा श्वास सोडला, की खिडकीची तावदानं थरथरली.

मग तो माझ्याकडे वळला. मी तासभर एकाच भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि तिची ओल शर्टातून मणक्यापर्यंत पोचली होती.

"दादा," तो म्हणाला, "आता तुम्ही सरका."