इंचभर आखूड

“आधी माप, मगे काम,” असं लवू नेहमी म्हणायचा. बाप मालवणकडचा सुतार. त्याच्याकडून आलेलं वाक्य. लवू लाकूड तासण्याऐवजी सर्व्हर उघडायचा, पण खिशात पोलादी पट्टी असायचीच.

घाटकोपरच्या एका रक्ततपासणीच्या लॅबचं काम त्याच्याकडे होतं. यंदा जुन्या सर्व्हरच्या जागी नवा, आटोपशीर सर्व्हर आला. त्यात च्युइंगगमच्या पट्टीएवढे ड्राइव्ह बसवायचे होते. वीज अचानक गेली तरी चालू असलेली नोंद लिहून पुरी करण्याइतकी वीज जे पोटात धरून ठेवतात, ते ड्राइव्ह, जुन्या सर्व्हरमध्ये होते तसले, लवूला ठाऊक होते. पण ते इंचभर लांब. बसवायला वेगळं जोडकार्ड मागवावं लागणार, त्याला आठ दिवस. लवूने पट्टी लावली, आखूड ड्राइव्ह घेतले आणि ‘झकास बसले’ म्हणून स्वतःवरच खूश झाला.

खंडेनवमीला कुंदामावशी हळदकुंकू घेऊन सर्व्हरच्या खोलीत शिरली. वीस वर्षं लॅब झाडणारी बाई. दरवर्षीसारखं तिने यूपीएसचं बटण बंद केलं, मशीनला कुंकू लावलं, लवूच्या स्क्रू-ड्रायव्हरलाही लावलं आणि बटण पुन्हा चालू केलं. सर्व्हर उठला तो मोडक्या नोंदी घेऊन. आदल्या रात्रीपर्यंतच्या नोंदींची प्रत होती. सकाळच्या त्रेसष्ट माणसांच्या नोंदी मात्र गेल्या. कुठली नळी कोणाची, कळेना.

“मावशी, बंद कोणी करायला सांगितलं होतं?” मॅनेजर श्रुतिका ओरडली.

“चालू मशीनला कुंकू कोण लावतं गं? लवू, तू सांग ना रे, मागच्या वर्षी काय झालं होतं?”

“काय नाय,” लवू म्हणाला. तो पुन्हा सर्व्हरवर वाकला. दसरा झाला की मावशीने कामावर यायचं नाही, असं ठरलं.

दसऱ्याच्या सकाळी माणसं पुन्हा रक्त द्यायला आली. म्हातारे धोंडिराम बाही वर करत म्हणाले, “कालचं काय केलंत? प्यायलात?” सगळे हसले. लवू हसला नाही. स्क्रू-ड्रायव्हरवरचं कुंकू रात्रभर त्याला पुसवलं नव्हतं.

तो श्रुतिकाच्या टेबलासमोर उभा राहिला. “मॅडम, मावशीचा दोष नाय. जुने ड्राइव्ह वीज गेली तरी सांभाळून घेत होते. मी नवे घेतले, ते सांभाळत नाहीत.”

“हे काल माहीत होतं तुम्हाला?”

“घेतानाच माहीत होतं.”

श्रुतिकाने समोरची वही मिटली. मग म्हणाली, “मावशी राहतील. तुम्ही खोलीच्या चाव्या ठेवून जा.”

लवूने चाव्या ठेवल्या, पट्टी खिशात घातली आणि पिशवी खांद्यावर टाकली. दारात मावशीने आपट्याची पानं पुढे केली. त्याने ती घेतली, पण वर बघितलं नाही. गल्लीच्या वळणापर्यंत तो सावकाश, मान खाली घालून गेला. मावशी पायरीवर केरसुणी धरून बघत राहिली.