हाताचं माप

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. दुकानात दिवसभर तोंड चालू असतं माझं, खरं, खोटं, अर्धं खरं, सगळं निघतं त्यातून. पण हे कधी निघालं नाही. तुम्हाला लिहून सांगतोय, कारण तुम्ही माझं गिऱ्हाईक नाही. तुम्हाला मला काही विकायचं नाही, आणि तुम्हीही माझ्याशी घासाघीस करणार नाही.

आधी माझा राग ऐका. समजून घेऊ नका — नुसता ऐका.

धाराशिवमध्ये माझं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. माऊस, कीबोर्ड, हेडफोन, माऊसखालचे पॅड. त्यातही गेम खेळणाऱ्यांचं सामान जास्त. हसू नका. आमच्याकडं आता कॉलेजातली पोरं-पोरी खेळतात, बँकेतले क्लार्क खेळतात, दवाखाना आटोपून आलेले एक डॉक्टरही खेळतात. आणि ते सगळे माझ्याकडं उगाच येत नाहीत. मला हात कळतो.

कुणाचा अख्खा तळवा माऊसवर टेकतो, कुणी बोटं वाकवून पंजा मारल्यासारखं धरतं, कुणी नुसत्या बोटांच्या टोकांवर पेलतं. तिघांना एकच माऊस दिला तर दोघांचं मनगट आठवड्यात बोलायला लागतं. काउंटरवर मी एक पुठ्ठा चिकटवलाय, त्यावर रेघा मारल्यात. ‘ठेवा हात.’ मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माप घ्यायचं. मग एखादा माऊस हातात द्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि त्याचं लक्ष नसताना हात बघायचा. लक्ष असलं की माणूस हातसुद्धा खोटा धरतो.

हे मला कुणी शिकवलं? कुणीच नाही. भूमच्या आठवडी बाजारात बारदान अंथरून मी कुकरच्या रिंगा आणि बॅटरीचे सेल विकलेत. पुढं इथं एका सायबर कॅफेत लागलो, तेव्हा माऊसच्या पोटात रबराची गोळी असायची. ती काढून आतला मळ नखानं खरवडायचा, हे माझं काम. तिथून इथवर आलो. कुणाच्या बापाच्या जिवावर आलो नाही.

आणि मग हे मोबाईलवर खरेदी करणारे आले.

दुकानात यायचं. पाच खोकी फोडायला लावायची. दहा माऊस हाताळायचे. ‘हा का? तो का नको?’ मी तासभर घसा कोरडा करायचा. मग हळूच खोक्याचा फोटो काढायचा. ‘घरी विचारून सांगतो.’ घरी! घरी कोण बसलंय त्यांचं, माऊसचा तज्ज्ञ? चार दिवसांनी तोच माल त्यांच्या दारात येऊन पडतो, शंभर-दोनशे कमीनं. माझं ज्ञान फुकट. माझा घसा फुकट.

एक गुरुजी होते. नाव कशाला — सगळे ओळखतात. दोन रविवार त्यांनी माझ्या दुकानात कीबोर्ड निवडण्यात घालवले. मी त्यांना बटणांचे आवाज ऐकवले. कुठल्या बटणाचा टकटकाट शेजाऱ्यापर्यंत जातो, कुठलं बटण गुपचूप दबतं, कुठल्यानं बोटं शिणतात, सगळं. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी आले, हातात खोकं. मी सांगितलेलाच कीबोर्ड.

‘तिकडं स्वस्त पडला हो,’ म्हणाले. ‘बटणांखालचे दिवे काय लागंनात. तुम्हीच निवडलेला हाय, जरा बघा की.’

मी काय केलं असेल? लावून दिले दिवे. लाल, हिरवे, निळे, हवे तसे. वर चहा पाजला. माझ्या रागाला सगळं गाव भितं म्हणतात, पण तो राग मोठ्या माणसापुढं शेपूट घालतो. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. पण रात्रीतून तो विरत नाही. तो दुसऱ्या दिवशीसाठी शिल्लक राहतो — कुणातरी लहान माणसासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञा आली.

दुकान उघडून उदबत्ती लावली होती, भवानी व्हायची होती. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पहिलं गिऱ्हाईक रिकामं गेलं तर दिवस नासला, असं आम्ही मानतो. मीही मानतो. आणि ही आली ती थेट काचेच्या कपाटापुढं जाऊन उभी राहिली. चोवीस-पंचवीसची असेल. तेरहून रोज एसटीनं यायची, इथल्या एका सरकारी कचेरीत कंत्राटावर टायपिंग करायची. तोंडओळख होती.

‘काका, पुण्यात गेमची निवड चाचणी हाय,’ ती म्हणाली. ‘पोरींची टीम बनवायलेत. निवड झाली तर महिन्याला पगार, राहायची सोय. सहा आठवडे राहिलेत. आन् माझा माऊस असला हाय, आमच्या ग्रुपमधल्या पोरी म्हणत्यात, तुझ्यापेक्षा गोठ्यातली म्हैस लवकर वळती.’

मी हसलो. मला आवडली ती, खरं सांगतो. बंदुकीचा खेळ खेळायची. त्यात नेम धरायला माऊस सारखा उचलून पुन्हा ठेवावा लागतो, शेकडो वेळा. कंत्राट दर अकरा महिन्यांनी संपायचं, मग नवं मिळेल का म्हणून साहेबांच्या तोंडाकडं बघत बसायचं. त्यातून सुटायची तिची ही वाट होती. हे सगळं तिनं सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

हात ठेवायला सांगितला. साडेसोळा सेंटिमीटर. बारीक, मोकळी बोटं. ती टोकांवर पेलणारी होती. मी पहिलाच माऊस काढून दिला तो बरोबर होता — छोटा, जेमतेम साठ ग्रॅमचा. तिनं तो हातात घेतला आणि बोलता बोलता थांबली. हाताला हवी ती वस्तू मिळाली की माणूस असाच थांबतो. मी हजारदा बघितलंय.

मग तिनं मोबाईल काढला आणि खोक्याचा फोटो घेतला.

बस. एवढंच. माझ्या डोक्यात आदल्या संध्याकाळचे सगळे दिवे एकदम लागले. ही पण! भवानीच्या वेळी! माझ्याकडून हात मोजून घेणार आणि घरी जाऊन स्वस्तात मागवणार! मला काय दिसलं? एक पोरगी फोटो काढताना दिसली. मी काय बघितलं? गुरुजी बघितले.

मी तिच्या हातातून तो माऊस काढून घेतला. म्हणालो, हा नको. पाच मिनिटं बरा वाटतो, तीन तास खेळलीस की बोटं आखडतील; हाताला भरेल असा घे. आणि मागच्या फळीवरून एक मोठा काढला. सव्वाशे ग्रॅमचा धोंडा, वर्षभर कुणी न विचारलेला, मोठ्या पंजाच्या माणसासाठी केलेला. ‘मोठे खेळाडू जडच वापरतात. हात स्थिर राहतो.’ खोटं कसं बोलायचं हे बाजारात शिकलेला माणूस आहे मी. त्यात चिमूटभर खरं मिसळलं की ते पचतं. मनात म्हणत होतो, जा आता, काढ याचा फोटो, मागव स्वस्तात, आणि भोग.

तिनं फोटो काढला नाही. माऊस दोनदा फिरवून बघितला, थोडी गोंधळली. मग म्हणाली, ‘तुम्ही म्हणताव तर हाच द्या. थोडं कमी करा की काका.’

‘एकच भाव.’

तिनं पर्स उघडली आणि पैसे दिले. तिथंच. सगळे.

इथं थांबतो जरा. कारण इथं मला बोलता आलं असतं — नाही का? नोटा माझ्या हातात होत्या, छोटा माऊस काउंटरवरच पडला होता. ‘थांब, हा घेऊन जा.’ किती शब्द झाले? मी खोकं पिशवीत घातलं. नोटा देव्हाऱ्याला दाखवून डोळ्यांना लावल्या. भवानी झाली.

तुम्हाला वाटेल, एवढंच? एक चुकीचा माऊस? रोज कुठं ना कुठं दुकानदार पडीक माल खपवतातच की. मीही असंच म्हणत राहिलो काही दिवस. आणि गोष्ट इथं संपली असती तर मी ती लपवलीही नसती. चार दुकानदारांत बसून हसत सांगितली असती. लपवलंय ते पुढचं आहे.

दोन महिन्यांनी ती परत आली. संध्याकाळची वेळ, दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं उभी. त्यातला एकजण दुसऱ्याला सांगत होता, ‘यांना नुसता हात दाखव. लई पक्का अंदाज हाय यांचा.’ आणि मागून प्रज्ञा पुढं आली. उजव्या मनगटाला क्रेपची पट्टी. हातात तोच माऊस, स्वच्छ पुसून खोक्यात घातलेला.

भांडायला आली असती तर बरं झालं असतं. मी भांडणाला तयारच होतो. भांडण मला येतं. पण ती आवाज खाली करून म्हणाली, ‘न्हाय झाली निवड. शेवटच्या दिवशी हातच उचलंना.’ मग म्हणाली, ‘त्या दिवशी छोट्याचा फोटो ग्रुपवर टाकलावता. पोरी म्हणल्या, तोच घे, डोळे झाकून घे. पन म्या म्हणलं, आमच्या काकांनी हात बघून सांगितलंय. त्यांच्यापेक्षा तुमाला जास्त कळतंय का?’

फोटो त्यासाठी होता.

आणि मग तिनं पट्टीचा हात आपण होऊन पुठ्ठ्यावर ठेवला. ‘रागवू नका काका. एक विचारू? माझा हातच बारका हाय का हो?’

सगळे बघत होते. तो पक्क्या अंदाजवालाही बघत होता. मी माप घेतलं. हो, पुन्हा घेतलं, वाकून, डोळे बारीक करून, सगळं नाटक केलं. साडेसोळा. तेवढाच हात. चांगला हात. असल्या हातासाठी मुद्दाम घडवलेला माऊस माझ्या डाव्या कोपरापाशी टांगलेला होता.

मी म्हणालो, ‘व्हय. बारका हाय. या खेळाला पंजा लागतो बाई. सगळ्यांचं काम न्हाय ते.’

हे मी बोललो. रागात नव्हतो तेव्हा. त्या दिवशी राग होता म्हणून केलं, असं पहिल्या वेळचं तरी सांगता येईल; या वेळी काय होतं? चार माणसांसमोर माझं नाव जाईल एवढीच भीती. चार माणसं! त्यांतल्या दोघांनी पुढं सामान मोबाईलवरच मागवलं असेल. त्यांच्यासाठी मी एका पोरीचा चांगला धडधाकट हात तिच्याच नजरेत अधू करून टाकला.

‘वाटलंच मला,’ ती म्हणाली. तिनं विचारलं, माऊस परत घेता का. आणि मी — मला माझीच कानशिलं फोडावीशी वाटतात हे लिहिताना — मी भाव केला. वापरलेला आहे म्हणालो. अर्ध्यात घेतला. तिनं घासाघीस केली नाही. पायरी उतरताना तिनं पट्टीचा हात ओढणीखाली घेतला, काहीतरी झाकावं तसा.

तिनं खेळ सोडला. हे मला तिच्याच कचेरीतल्या शिपायाकडून कळलं. छोटा माऊस पुढं कळंबच्या एका माणसानं नेला. त्याचा हात मी नीट मोजला.

मागच्या महिन्यात ती पुन्हा आली होती, कचेरीच्या मॅडमबरोबर. तिथं दहा कीबोर्ड, दहा माऊस घ्यायचे होते. मॅडम म्हणाल्या, ‘तू बघ गं, तुला कळतंय त्यातलं.’ आणि तिला खरंच कळतं. कुठल्या टेबलावरच्या माणसाला कसला माऊस लागेल, तिनं एकेक बाजूला काढला. मोजपट्टी न लावता. मी नुसता बघत उभा राहिलो. मनगटाला आता पट्टी नव्हती.

मी कपाटातून एक छोटा माऊस काढला. तोच प्रकार, नवा. तिच्यापुढं धरला. ‘हा धरून बघ जरा.’ धरला असता तर मी बोललो असतो का? माहीत नाही. बोललो असतो असं लिहायला हात धजत नाही.

तिनं हात मागं घेतला. ‘नको काका, ह्यो आपल्या हाताचा न्हाय.’ आणि मॅडमकडं वळून म्हणाली, ‘काकांनी माझा हात मापून सांगितलंय मॅडम. दोनदा मापलाय. डॉक्टरपेक्षा पक्कं.’

मॅडम हसल्या. तीही हसली.

मीही हसलो. मोठ्यानं हसलो.