हाड जुळलं का?

अमेरिकेत, शॉमबर्गच्या अपार्टमेंटमध्ये दादा आणि मी दोघंच राहायचो. तो सॉफ्टवेअरमध्ये, मी मास्टर्स संपवून नुकतीच नोकरीला लागलेली. दादाची उंची पाच फूट तीन इंच. आईने बायोडेटात पाच-पाच लिहिली होती. एवढं सगळेच वाढवतात, असं तिचं म्हणणं. मंडळाच्या गणपतीत एका मुलीचे वडील भेटले. त्यांनी दादाकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि हसत विचारलं, "बायोडेटा बूट घालून भरला होता का?" दादाही हसला.

पुढच्या वर्षी त्याने दोन्ही पायांची हाडं कापून लांब करून घ्यायचं ठरवलं.

सर्जनने दिलेला फॉर्म मी दोनदा वाचला. पिना घातलेल्या जागी इन्फेक्शन. नस दुखावून पाऊल लुळं पडणं. घोटा आखडणं. रक्ताची गाठ फुप्फुसात जाणं. कापलेल्या जागी नवं हाड न भरणं. धडधाकट पायांवर हे करण्याआधी पुन्हा विचार कर, असं सर्जनने तोंडीही सांगितलं. दादाने सही केली आणि मला म्हणाला, "आईला तू सांग. माझ्याच्याने होणार नाही."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. आईशी काही अवघड बोलायचं झालं की माझं मराठी अडखळतं, आणि त्या रविवारी फोनवर ते माझ्या सोयीचं झालं. मी एवढंच म्हटलं की हाड कापतात, हळूहळू ताणतात, मग ते जुळायला थोडा वेळ लागतो.

"जुळेल गं," आई म्हणाली. तो शब्द तिला ओळखीचा वाटला असावा.

मग ते महिने आले. दोन्ही पायांभोवती धातूच्या कड्या, त्यातून हाडात गेलेल्या पिना. दिवसातून चार वेळा मी पान्याने नट थोडेथोडे फिरवायचे. दिवसाला एक मिलिमीटर. सकाळी ऑफिसला जाण्याआधी पिनांच्या जागा पुसायच्या, परत आल्यावर पुन्हा. दादा उशीला टेकून लॅपटॉपवर काम करायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. मीही त्याच्याकडे बघायचे नाही, फक्त पायांकडे.

नातेवाइकांना स्कीइंग करताना पडला असं सांगितलं होतं. आईकडे फोनच्या वेळी कुणी ना कुणी बसलेलं असायचं, म्हणून ती हळूच एवढंच विचारायची, "जुळलं का?" एकदा मावशीने ते ऐकलं आणि तिच्या हातातून फोनच घेतला.

"लपवता काय आमच्यापासून? मुलगी कुठली?"

"अजून नक्की नाही, मावशी," मी म्हणाले.

दादा एवढा हसला की त्याचे पाय दुखायला लागले. त्यानंतर बरेच दिवस तो हसला नाही.

साडेचार सेंटीमीटरवर त्याच्या डाव्या पायाची बोटं वर उचलली जाईनाशी झाली. सर्जनने ताणणं तिथेच बंद केलं. पुढे उजवं हाड भरत गेलं. डाव्याच्या एक्स-रेमध्ये मात्र दर वेळी तीच काळी फट दिसायची. शेवटी सर्जन म्हणाला, कमरेचं हाड काढून तिथे भरावं लागेल. पावलाचं आत्ता काही सांगता येत नाही.

आईला पुन्हा मीच फोन केला. या वेळी ड्रॉवरमधून तो फॉर्म काढला आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेले. जिथे शब्द सापडला नाही तिथे काय होतं ते वर्णन करून सांगितलं.

"हे सगळं तेव्हा लिहिलेलं होतं?"

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मराठीत नीट जमत नव्हतं."

"आत्ता जमलं की," ती म्हणाली.

दुसऱ्या ऑपरेशननंतर, उन्हाळा सरता सरता, डावी फट भरली. दादा वॉकर घेऊन पार्किंगपर्यंत जायला लागला, डाव्या पावलाला प्लास्टिकचा आधार बांधून. त्या रविवारी आईने काही विचारायच्या आधीच मी सांगितलं, "जुळलं."

तिने विचारलं, "आणि कागदावर आणखी काय लिहिलंय?"